स्कॅन्टी कोव्ह सोडायचं की नाही

८ सप्टेंबर

गावाला रस्ता नाही, आहे ती बोट, आणि ती आज पण आली नाही. या महिन्यात हे दुसऱ्यांदा! डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख गेली. गेल्या हिवाळ्यापासून त्या तारखेवर डोळा ठेवून बसले होते — जो काही डोळा उरलाय तो.

इस्पितळातली पोरगी फोनवर म्हणते, "आजी, आता पुढची तारीख वसंतात."

म्हटलं, "बाई, मी एक्याऐंशीची आहे. वसंत येईल. माझं सांगता येत नाही."

ती म्हणाली, तक्रार असेल तर एक दाबा. दाबलं. गाणं लागलं. भाजी चिरून झाली तरी गाणं चालूच.

वही नर्सने दिली आहे, रक्तदाब लिहायला. रक्तदाब लिहिला. जागा खूप उरते.

९ सप्टेंबर

धुकं.

११ सप्टेंबर

मीठ आणायला एफीच्या दुकानात गेले. गावात दुकान ते एकच. अमेरिकेने आपल्या मालावर कर लावला तेव्हापासून एफी देशभक्त झाली आहे. कॅनडाच्या प्रत्येक डब्यावर झेंड्यातलं लाल पान चिकटवते. अमेरिकेची बिस्किटं खालच्या फळीवर, तोंड भिंतीकडे करून.

माझा भाऊ सिलास तिथेच पेटीवर बसलेला. म्हणतो, सरकारी दारू दुकानातून अमेरिकेची व्हिस्की काढली हे उत्तम झालं, देशासाठी त्याग करावाच लागतो. हा माणूस जन्मभर रम प्यायला. त्याग कसला डोंबलाचा!

मग एफी म्हणाली, "देशात बाहेरचे लोक फार घेतायत गं, मेल्विना. गर्दी झाली आहे नुसती."

मी खिडकीतून बघितलं. धक्क्यावर एक कुत्रं होतं. "कुठे गं गर्दी?"

"टोरंटोत."

"तू कधी गेलीस टोरंटोला?"

"टीव्हीवर दिसतं ना!"

"मग नर्स मारिसेल? ती फिलिपिन्सची. महिन्यातून एकदा येते म्हणून तुझे पाय चालतात."

"मारिसेल वेगळी. ती आपली आहे."

बघतेय मी — प्रत्येकाकडे एक तरी बाहेरचा माणूस आपला असतो. बाकीचे टीव्हीवर.

१४ सप्टेंबर

मतदानाचं पत्रक आलं. सतरा ऑक्टोबरला. चारांतल्या तिघांनी 'जातो' म्हटलं की सरकार घरटी पैसे देणार आणि गाव बंद. बोट बंद, दिवे बंद, सगळ्यांनी दुसरीकडे बिऱ्हाड करायचं. तेवढे नाही भरले तर सगळ्यांनी इथेच.

मी 'जातो'. कधीची सांगतेय. सिलासही 'जातो', एफीही 'जातो' — या बोटीच्या त्रासापायी अख्खं गाव 'जातो'. एकटा ॲड्रियन, तो नवा आलेला पोरगा, 'राहतो'.

लोकांना वाटतं म्हातारी रडेल. परवा कॉलेजातल्या कुणा मुलीने अभ्यासासाठी फोन केला होता. विचारते, "तुमच्या पतीची कबर टेकडीवर आहे ना? ती सोडून जाताना काय वाटेल?" म्हटलं, ॲम्ब्रोज आता कुठे जात नाही. जिवंत होता तेव्हा वसंतात बर्फावर सील प्राण्यांच्या शिकारीला जायचा तो आठवडे-आठवडे यायचा नाही. तेव्हा मला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही.

त्याची छाती दुखली त्या दिवशी धुक्यात हेलिकॉप्टर उतरलं नाही. झालं. एवढंच आहे ते.

मला डॉक्टरच्या दाराशी राहायचंय. समुद्र भरपूर बघितला.

१६ सप्टेंबर

दार वाजलं. आमच्यात दार कुणी वाजवत नाही — ढकलायचं, आत यायचं, चुलीशी बसायचं. दार वाजलं म्हणजे एक तर सरकार, नाहीतर ॲड्रियन.

ॲड्रियन होता. टोरंटोचा. तिथे जन्मभर राबलं तरी घर होत नाही म्हणून एफीच्या भावाचं घर त्याने मोटारीच्या किमतीत घेतलं. दिवसभर कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. काय ते त्यालाही नीट सांगता येत नाही.

"मेल्विना मावशी, सगळे गेले तर माझं काय?"

"तू तरुण आहेस. दोन्ही डोळे आहेत."

"परत भाड्याच्या खोलीत? तीन परक्यांबरोबर एक संडास? मावशी, इथलं जगणं खरं आहे हो!"

"तिथलं काय खोटं होतं?"

तो म्हणाला, "तिथे पाच वर्षांत शेजाऱ्याचं नाव कळलं नाही."

मोलॅसिसचा, काळ्या काकवीचा, पाव दिला. आधी त्याचा फोटो काढला, मग खाल्ला. पोरगा वाईट नाही. लाकडं मात्र ओली जाळतो.

१७ सप्टेंबर

ग्लेंडाचा फोन. माझी मुलगी — इथे मासे संपले तेव्हा नवऱ्याबरोबर पश्चिमेला आल्बर्टा प्रांतात तेलाच्या कामावर गेली ती गेलीच. आता जावई म्हणतो आल्बर्टाने कॅनडातून बाहेर पडावं.

"आई, आमच्या पैशावर अख्खा देश खातो!"

"अगं तुम्ही तरी कोण? इथून बोचकं घेऊन गेलेले."

"तुला राजकारण कळत नाही, आई."

नसेल कळत. मी जन्मले तेव्हा आमचं हे बेट, न्यूफाउंडलंड, वेगळा देश होता. मी परकर सांभाळत अंगणात फिरत होते तेव्हा कॅनडा आला. मी गेले नाही कॅनडात, कॅनडा माझ्या घरी आला! आणि आता माझा जावई कॅनडाला हाकलणार. म्हटलं, खुशाल जा. पण इथे तेवीस माणसांचं गाव सोडायला चारांतले तीन लागतात. तुमचं तर फारच मोठं आहे. आधी मोजून घ्या.

तिने फोन ठेवला. रविवारी परत करेल.

२२ सप्टेंबर

आज रेडिओवर बोलले.

सकाळचा तो फोनवरचा कार्यक्रम. अख्खं बेट ऐकतं — होडीतले, दवाखान्यातले, तुरुंगातले सुद्धा. कुणाला रस्त्यातला खड्डा बुजवून हवा असेल तर तो नगरपालिकेकडे जात नाही, कार्यक्रमवाल्या रोलंड पाइकला फोन करतो. मी ठरवलं होतं, एकच सांगायचं — आमचं गाव बंद करा आणि लवकर करा.

पण सुरुवात बोटीपासून झाली. बोटीतून नर्सचं निघालं. नर्समधून डोळ्याचं. आणि मग ॲम्ब्रोजचं — ते निघायला नको होतं. मी म्हणाले, "मंत्रिसाहेब, ऐकत असाल तर ऐका — कोंबडी नको झाली असेल तर सरळ मान मुरगाळा. दाणे टाकायचे बंद करून, कधी मरते म्हणून कुंपणापलीकडून बघत बसू नका!"

रोलंड पाइक गप्प झाला. तो माणूस लग्नात पाद्र्याला बोलू देणार नाही. पण झाला गप्प.

मग हळूच म्हणाला, "मावशी, तुम्हाला नेमकं हवंय काय?"

म्हटलं, "नेमकं सांगते—"

बातम्यांची वेळ झाली! फोन कापला. मुख्य वाक्य माझ्या तोंडातच राहिलं.

२३ सप्टेंबर

फोन. फोन. फोन. व्हँकुव्हरची एक बाई रडली. क्वेबेकच्या एकाने फ्रेंचमधून काहीतरी सांगितलं, प्रेमाने असावं. सगळे म्हणतात — गावासाठी लढणारी आजी!

प्रत्येकाला सांगते, मी गावासाठी लढत नाही, मला गाव सोडायचंय.

म्हणतात, "किती साध्या आहात तुम्ही!"

२४ सप्टेंबर

फोनची वायर काढून ठेवली. ॲड्रियन धावत आला, परत लावली. म्हणतो तुमचं बोलणं हजारो लोकांनी ऐकलं. त्यांच्यापैकी एकाने तरी डोळ्याच्या डॉक्टरला सांगायला हवं होतं.

२९ सप्टेंबर

दार वाजलं. ॲड्रियन आत चुलीशीच बसला होता. म्हणजे सरकार.

मंत्री! हेलिकॉप्टरने. धुकं नव्हतं. मंत्र्याला कधीच नसतं.

एवढी तातडी का ते सिलासने सांगितलं. आमचा आमदार ओटावाला केंद्र सरकारात मोठी नोकरी बघून निघून गेला, जागा रिकामी आहे, डिसेंबरात पोटनिवडणूक. मंत्र्याने धक्क्यावर उभं राहून जाहीर केलं — उद्यापासून बोट रोज, नर्स दर आठवड्याला. एफीने टाळ्या वाजवल्या. कुत्रं भुंकलं.

माझ्या घरी येऊन त्याने तळलेल्या पोळ्या मोलॅसिस लावून खाल्ल्या. दोनदा मागून घेतल्या. फोटोसाठी माझा हात धरला.

विचारलं, "माझ्या डोळ्याचं काय?"

"आरोग्य माझ्याकडे नाही, मावशी. माझ्याकडे बोटी."

हात सोडवून घेतला.

४ ऑक्टोबर

बोट रोज येते. अगदी वेळेवर! एफीने केळी मागवली.

सिलास चुलीशी बसून म्हणाला, "मेल्विना, आता बोट आहे, नर्स आहे. जायचं कशाला?"

"अरे, ही बोट निवडणुकीपुरती आहे! सुईण बाळंतपणापुरती असते तशी."

"तुझ्यामुळेच तर आली ती."

"मी मागितली नव्हती!"

"मग काय मागितलं होतंस?"

सांगितलं. तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करते. लहानपणापासून हेच. मी खरं बोलले की हा हसतो.

५ ऑक्टोबर

गावाने माझ्यासाठी केक केला. वर क्रीमने बोट काढली होती. बोटीचा तुकडा मलाच दिला.

मारिसेल आली होती. डोळ्यात बॅटरी मारून बघितलं. "हे थांबवू नका, आजी. उजवा गेलाच आहे, आता डावा." मग स्वतःचं सांगितलं — तिच्या कागदांची मुदत संपत आली, सरकारने नियम बदलले, राहू देतील की नाही माहीत नाही. एफीला सांगितलं तर म्हणते, "मारिसेलला कसं काढतील? मी तर दुसऱ्यांना काढा म्हणत होते!"

१२ ऑक्टोबर

घरोघर गेले. आठवण करून दिली — कुणाकुणाला कुठल्या धुक्यात काय झालं होतं. सगळ्यांनी चहा दिला. सगळे म्हणाले, "तू आहेस ना, मावशी. परत रेडिओवर बोलशील."

१७ ऑक्टोबर

मतदान झालं. शाळेच्या खोलीत — शाळा बंद आहे, खोली आहे. मतपेटी, पडदा, सगळं रीतसर. गुप्त.

सरकारी माणसाने मोजलं आणि वाचून दाखवलं. 'राहतो' — बावीस. 'जातो' — एक.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

सिलास म्हणाला, "कोण असेल बरं?"

१८ ऑक्टोबर

घर विकायला काढलं. ॲड्रियनने जाहिरात कॉम्प्युटरवर टाकली. एकाने विचारलं, लांबून बघायला छान वाटतं, पण तिथे इस्पितळ किती जवळ?

३ नोव्हेंबर

बोटीचं इंजिन काढून नेलं. दुरुस्तीला. कधी येईल ते इंजिनालाच माहीत. त्यामुळे मारिसेल नाही. केळी नाहीत.

चहाच्या वेळी एकेक करून सगळे आले. एफी म्हणाली, "मेल्विना, उचल फोन! लाव रोलंडला!"

"का म्हणून? तुम्ही राहायचं म्हणालात. राहा."

"असं काय करतेस? तू बोललीस की बोट येते."

"आणि बोट आली की तुम्ही केक करता."

तेवढ्यात ॲड्रियनने विचारलं, "मावशी, आणि तुमचा डोळा?" हे विचारणारा तो एकटाच निघाला. राहतो म्हणाला होता तो पण, हे विसरत नाही मी.

बोलले तर बोट येईल, बोट आली की हे आणखी घट्ट बसतील. नाही बोलले तर डावा डोळा जाईल. पोटात दुखतं म्हणून ओवा घ्यावा आणि ओव्याने घसा धरावा, तसं झालंय.

६ नोव्हेंबर

एका पक्षाचा पोरगा फोनवर. निवडणुकीला उभ्या राहता का? म्हटलं, माझी शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी — मासे चिरायला हात कमी पडायचे. म्हणाला, चालतं. दुपारी दुसऱ्या पक्षाचा. त्यालाही चालतं. कुणालाच काही अडत नाही असं दिसतंय.

आल्बर्टाबद्दल मत विचारलं, अमेरिकेबद्दल, घरांबद्दल, बाहेरून येणाऱ्यांबद्दल. म्हटलं माझी मुलगी तिकडे, शेजारी टोरंटोचा, नर्स फिलिपिन्सची. मत कसलं, स्वयंपाकघर आहे माझं ते.

दोघांना नाही म्हटलं. पण दुसऱ्याला एक गोष्ट विचारली. त्याला खालच्या आवाजात कुणाला तरी विचारून यावं लागलं.

९ नोव्हेंबर

त्या पोराने सांगितलं — अधिवेशन चालू असलं की आमदाराला प्रांताच्या राजधानीत राहायला जागा मिळते. सरकारी खर्चाने. मोठ्या इस्पितळासमोर. लिफ्ट आहे.

अपक्ष उभी राहिले. सिलासला सांगितलं, या वेळी हसला नाही.

आता निवडणुकीपर्यंत फोन वाजत राहणार. मी उचलणार नाही. 'राहतो' म्हणालेल्यांनी पाळी लावून माझ्या चुलीशी बसायचं आणि उचलायचा. विचारतील त्याचं उत्तर द्यायचं. पहिली पाळी ॲड्रियनची.