जेठीचा शब्द की माझा?

अहो,

सगळा संसार याच एका हाकेवर झाला, आता पत्रापुरता वेगळा मायना कुठून आणू? काल दुपारी जेठी येऊन गेली. पापड ठेवले, पाणी प्यायली आणि जाता जाता एक गोष्ट सांगून गेली. ती ऐकून मी अशी काही चिडले आहे की तुमच्याशी भांडल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं, ठाऊक आहे. पण म्हणून काय राग गिळून बसू?

फाळणीनंतर सिंधी लोक इथल्या जवळच्या कॅम्पात आले, लष्कराच्या रिकाम्या बराकींत पोत्यांचे पडदे लावून त्यांनी बिऱ्हाडं मांडली, तेव्हापासूनचा राग आहे हा. इथे अंबरनाथच्या शाळेत दिवसभर मराठी शिकवून तुमचं पोट भरत नव्हतं. संध्याकाळी सायकलवर टांग मारून तिकडे शिकवायला जायचात, तेही फुकट! शेजारच्या काशीताई मला म्हणायच्या, "काय गं सिंधू, मास्तरांना घरची एक सिंधू पुरत नाही वाटतं? सगळ्या सिंध्यांच्या मागे लागलेत!" मी वरवर हसायचे.

त्या वर्गात जेठी होती. कराचीच्या बंदरावर गर्दीत तिची धाकट्या बहिणीशी ताटातूट झाली होती. चार लोकांना विचारत फिरायचं तर इथली भाषा हवी, म्हणून ती बिचारी शिकायला बसली. (बिचारी आत्ता म्हणते आहे. तेव्हा म्हणत नव्हते.)

तिला तुम्ही पहिलं क्रियापद कोणतं शिकवलंत? खाणे नाही, पिणे नाही, शोधणे! आणि त्याचं कूळ-मूळ मला ऐकवायला घरी आलात. मी तांदूळ निवडत होते. तुम्ही सुपासमोर फतकल मारून बसलात आणि म्हणालात, "अगं, हा शब्द शुद्ध करण्यातून आलाय. वैद्य पारा शोधतात, म्हणजे त्यातला मळ काढतात. तू खडे काढतेस ना, तेच शोधणं. जे नको ते काढत जायचं, हवं ते उरतं."

मी म्हटलं, "मग बसा की, काढा चार खडे."

पण तुमची गाडी पुढे गेलेली. "आणि गंमत बघ, 'मी शोधलं' म्हणता येतं, पण 'मी सापडलं' म्हणता येत नाही. 'मला सापडलं' म्हणावं लागतं. शोधणं आपल्या हातात, सापडणं नाही!"

केवढा खुलला होता तुमचा चेहरा! माझ्या हातच्या पुरणपोळीनेही कधी इतका खुलला नाही. जळले हो मी, अंगाचा अगदी तिळपापड झाला.

रविवार आला की तुम्ही तिच्याबरोबर आणि तिच्या म्हाताऱ्या सासऱ्याबरोबर बराकी-बराकींतून विचारत हिंडायचात. आणि मी? शिवरात्रीच्या जत्रेत माझी चुकामूक झाली होती, आठवतं? देवळामागे मी रडकुंडीला आले, आणि तुम्ही खुशाल घरी येऊन बसलात! वर म्हणालात, "बदलापूरची मुलगी अंबरनाथात कसली हरवते?" परक्या बाईच्या बहिणीला शोधायला पायाला भिंगरी, आणि बायकोने आपली आपण सापडावं, असंच ना?

त्यात ती तुम्हाला 'अदा, अदा' म्हणायची. काशीताईंनी सांगितलं, अदा म्हणजे नखरा. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. मग तुम्ही पोट धरून हसलात, "अगं, सिंधीत अदा म्हणजे भाऊ!" भाऊ तर भाऊ. माझी जळजळ काही कमी झाली नाही.

आणि तो दिवस! तुम्ही जेवायला बसला होतात. जेठी अनवाणी धावत दारात आली. "अदा! लधी! लधी!" पुण्याकडच्या एका छावणीत तिची बहीण होती, कोणीतरी बघून आलं होतं. तुम्ही उष्ट्या हाताने तसेच उठलात. डोळ्यांत पाणी, आणि म्हणता काय? "ऐकलंस? लधी! म्हणजे आपलं जुनं 'लाधली'! सापडली, मिळाली! पोथ्यांतून मेलेला शब्द हिच्या तोंडात जिवंत आहे बघ!"

मेलेला? मी भाताचं पातेलं आपटलं, ते तुम्हाला ऐकूही गेलं नाही. अहो, गिरणीतली भाजणी तुम्हाला चालायची नाही, म्हणून मी पहाटे उठून जात्यावर दळायचे. तेव्हा आईकडून आलेली ओवी गायचे:

नाही तीर्थ धुंडियले, नाही देव आळविले,
घरबसल्या लाधला, कंथ मला.

'लाधला' होतं की त्यात! रोज होतं! आणि तुम्ही कॅम्पात जाऊन दुसरीच्या तोंडून उचललात. या एका गोष्टीचं मला तिच्या सगळ्या रविवारांपेक्षा जास्त लागलं. पण मी बोलले नाही. आपणहून सांगायचं म्हणजे तुमचं लक्ष भीक मागून घ्यायचं.

आता कालचं ऐका. जेठी उंबऱ्यात चपला घालता घालता म्हणाली, "भाभी, आता जात्यावर गात नाही तुम्ही? वर्गात मी पहिल्यांदा 'लधो', म्हणजे 'सापडला', बोलली ना, मास्तर खडू हातात घेऊन उभाच राहिले. बोलले, हा शब्द माझी सिंधू जात्यावर गाते."

मी म्हटलं, "त्यांना काय माहीत?"

"रोज दाराच्या मागे उभे राहून ऐकायचे. बोलायचे, समोर गेलो तर ती लाजून गप्प होते. म्हणून सांगत नाही तिला, काही माहीत नाही असाच राहतो."

माझी सिंधू! मला जन्मभर 'अगं', आणि तिच्यापुढे 'माझी सिंधू'? जे माझ्या हक्काचं, ते इतकी वर्षं तिच्यापाशी ठेव म्हणून ठेवलंत? मी तिला धड निरोपही दिला नाही. आत येऊन पदर तोंडात कोंबून रडले. हेवा वाटावा तरी किती! पूर्वी ती तुमच्याबरोबर हिंडायची याचा वाटायचा. आता तुम्ही माझं नाव घेताना तिने ऐकलं, याचा वाटतो आहे.

तुम्ही गेल्यापासून जात्याला हात लावलेला नाही. आता वचन देते, उद्या पहाटे भाजणी दळणार आहे. जेठी मदतीला येते म्हणाली, तरी तिला साफ 'नाही' सांगेन. मी एकटी बसेन, गळा मोकळा सोडून गाईन, 'लाधला' वर थोडी रेंगाळेन. आणि काही झालं तरी मान वळवून दाराकडे बघणार नाही.

तुमची,
सिंधू