सत्तावीस नंबर माझ्याशी बोलत नाही

बमरोली, सुरत
संक्रांतीनंतरचा मंगळवार, १९९६

व्याहीबुवा सुकदेवअण्णांना चिंधाचा मानाचा रामराम,

तुमचा गुडघा कसा आहे? विहीणबाईंचा खोकला गेला का? इकडे सगळे धडधाकट आहेत, तुमची लेक जयश्री मजेत आहे. फक्त माझी झोप उडाली आहे आणि जयश्रीनं भरलेला डबा रोज तसाच परत जातो. कारण मिलमधला एक फोन.

तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्या मिलचा इंटरकॉम मी सांभाळतो. एक्स्चेंजची पेटी माझ्या खोलीत, तिच्यात प्रत्येक फोनचा एकेक पोर्ट, जसं गावात प्रत्येक घराला आपापलं दार. रोज सकाळी मी एकेक नंबर फिरवून ‘आवाज येतो का?’ विचारतो, पलीकडचा ‘येतो’ म्हणतो, मी पुढे सरकतो. गेल्या आठवड्यात सत्तावीस नंबरनं, म्हणजे कापडाच्या घड्या घालतात त्या फोल्डिंग खात्यानं, दगा दिला. घंटी जाते, रिसीव्हर उचलल्याचं खट् ऐकू येतं आणि पुढे चिडीचूप. (आमच्या धंद्यात याला एकतर्फी आवाज म्हणतात. घरी याला संसार म्हणतात, पण ते असो.)

मी पोर्ट बदलला. पेटीतलं पोर्टांचं अख्खं कार्ड काढून, फुंकर मारून परत बसवलं. माळ्यावर चढलो, तिथे उंदरानं कुरतडलेली तार सापडली तेव्हा इतका आनंद झाला की माझा जोडीदार भिकन याला चहा पाजला. ती तार पंख्याची निघाली. शेवटी शेठच्या केबिनचा पोर्ट सत्तावीसला जोडून पाहिला, तर शेठाणीचा फोन थेट फोल्डिंगमध्ये गेला आणि तिथल्या कुण्या बाईनं तिच्याशी उंधियूवर मनसोक्त गप्पा मारल्या. शेठ म्हणाले, ‘चिंधाभाई, फोन तो चाले छे. तमे नथी चालता.’

गंमत अशी की भिकननं फिरवला की तीच बाई गुजरातीत घडाघडा बोलते. मी फिरवला की मुकी. मी लिहून दिलं की पोर्ट मेलाय, मुंबईहून नवं कार्ड मागवा. शेठनं मागवलं आणि बजावलं, शनिवारी स्वतः समोर उभा राहून बघेन, तरीही बोललं नाही तर एक्स्चेंज बाहेरच्या माणसांकडे देईन. म्हणजे मी घरी.

काल म्हटलं, दुश्मनाचं तोंड तरी बघू. फोल्डिंगसमोर रंगमास्तरची काचेची केबिन आहे. तिथून सत्तावीस फिरवला आणि काचेतून बघत राहिलो. अण्णा, स्टुलावर आपली जयश्री! (फोन घेणारा लोटू गावी गेलाय. पोरीला त्या खात्यात मीच चिकटवली, पण तिला फोनवर बसवल्याचं मला कुणी सांगितलं नाही.) माझा ‘हॅलो’ कानावर पडताच ती उठून उभी राहिली, डोक्यावर पदर घेतला, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून खाली बघू लागली. मी विचारलं, आवाज येतो का? तिनं मान हलवली. रोज हलवत असणार बिचारी. सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडू नये हे वळण तुम्हीच लावलंत, तक्रार नाही. पण त्या फोनवर आठवडाभर मी काय काय बोललोय. ‘कोण मुडदा बसलाय तिकडे?’ यालाही तिनं मानच हलवली असेल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझ्या कारभारणीला, रुक्मिणीला म्हटलं, सुनेला तू समजाव. ती म्हणाली, ‘मी जलमभर सासरासंगे बोलनू नही, आते सूनले काय शिकाडू?’ लोकेशला सांगितलं, तर तुमचा जावई हसता हसता खाटेवरून पडला.

असो. गुडघ्याला एरंडेल चोळत जा.

तुमचा व्याही,
चिंधा

ता. क. गुडघा निमित्त होता. लेकीला तातडीनं दोन ओळी लिहा की सासऱ्याला फोनवर एक ‘हॅलो’ म्हटलं तर चालतं. पदर घेऊन म्हणाली तरी हरकत नाही.

ता. क. दुसरा (शनिवार, संध्याकाळ). पत्र खिशातच राहिलं. शेठ येऊन उभे राहिले. मी नवं कार्ड बसवलं, स्पीकरचं बटण दाबलं, कानबाईला नवस बोललो आणि सत्तावीस फिरवला. ‘आवाज येतो का?’ शेठ स्पीकरकडे वाकले. मग खणखणीत आवाज आला, ‘हा साहेब, अवाज एकदम चोख्खो आवे छे.’ शनिवारचं संकट लोकेशनं तिच्या कानावर घातलं असणार. मराठीत मी सासरा, गुजरातीत साहेब. शेठ खूश होऊन नव्या कार्डाचं कौतुक करत गेले.

ते गेले आणि माझा फोन वाजला. पेटीवर दिवा सत्तावीसचाच. पलीकडे कुणी बोलेना. डबा आजही तसाच पडलाय, हे भिकननं तिकडे सांगितलं असणार. मी म्हटलं, ‘जेवतो बेटा, आता जेवतो.’ तिकडे हळूच खट् झालं.

तेव्हा अण्णा, पोरीला काही लिहू नका. लाइन चांगली आहे.