उड्यांविषयी वहिनींस, तळघरातून

प्रिय वहिनींस (‘प्रिय’ हाताच्या सवयीने पडलं आहे, त्यातून काही अर्थ काढू नये),

धाकट्या नणंदेचा नमस्कार. तुमचा डावा गुडघा कसा आहे? दादाचा खोकला गेला, की अजून पाहुणे बोलायला लागले की नेमका तेव्हाच येतो? खिडकीतल्या गुलाबाला कळी धरली का? मी ठीक आहे. म्हणजे रागावलेली आहे, पण प्रकृतीने ठीक. एरवी मी तुम्हाला अगं-तुगं करते; पण भांडण चालू असेपर्यंत ‘तुम्ही’च म्हणायचं असं मी ठरवलं आहे, आणि मी एकदा ठरवलं की मोडत नाही हे घरातल्या भिंतींनाही माहीत आहे. हे पत्र दादाच्या हाती देत नाही. तुमच्या दाराखालून सरकवणार आहे. बेल वाजवणार नाही, तेव्हा धावत दार उघडू नये, गुडघा दुखेल.

आधीच स्वच्छ सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना आशा लावून बसायला नको: मी माफी मागायला लिहीत नाही. आमच्या संस्थेच्या सभागृहातला तुमचा उड्यांचा वर्ग माझ्या तक्रारीवरून बंद झाला, ती तक्रार मी केली, सही माझी, आणि आज पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. (या वाक्याबद्दल ताज्या कलमात थोडं आहे. पण आधी तिकडे उडी मारू नये. उड्यांमुळेच हे सगळं झालं आहे.)

माझं काम काय असतं ते दादाने तुम्हाला सांगितलं असेल, म्हणजेच चुकीचं सांगितलं असेल (‘ती तळघरात बसून तारा तोडते’). तर नीट ऐका. केसाहून बारीक अशी सोन्याची तार मी एका लवचीक पट्टीवर चिकटवते. पट्टीच्या पोटाखाली स्क्रू असतो; तो वर सरकला की पट्टी वाकते, तार ताणली जाते, कंबरेत बारीक बारीक होत जाते आणि शेवटी एकाच अणूवर येऊन तुटते. (कंबर बारीक करण्याचा हा एकच प्रकार मी यशस्वी होताना पाहिला आहे. हे तुमच्या वर्गाला उद्देशून नाही. बरं, आहे.) दोन टोकांमध्ये जी फट पडते तिच्यात जेमतेम एक रेणू आडवा मावतो. वर द्रावणाचा थेंब, त्यात माझे रेणू पोहत असतात. त्यांच्या दोन्ही टोकांना गंधक आहे, आणि गंधकाला सोनं भेटलं की ते सोडता सोडत नाही. असा एखादा रेणू दोन्ही काठ धरून बसला की त्याच्या एकट्याच्या अंगातून वीज जाते, आणि ती मी मोजते. सोनं तुटताना पडद्यावरची रेघ विहिरीत दगड टाकावा तशी खाली जाते. पण मधे रेणू असेल तर पडता पडता एका पायरीवर क्षणभर थांबते. मग स्क्रू मागे येतो, टोकं पुन्हा भेटतात, आणि पहिले पाढे पंचावन्न. हजारो वेळा, कारण एकदा बसलेल्या रेणूवर आमच्याकडे कुणी विश्वास ठेवत नाही. त्या एका पायरीसाठी माझी इतकी वर्षं गेली, डोळ्यांचा नंबर वाढला, आणि तुम्ही विचारता, ‘पण त्याचा उपयोग काय?’ उपयोग काय! गुलाबाला कळी धरली का म्हणून मी विचारते तेव्हा उपयोग विचारते का?

आणि इलेक्ट्रॉन त्या रेणूतून जातो कसा, हे तर दादाला समोर ठेवून शिकवावं. तो मुंग्यांसारखा रांगेने चालत जात नाही. या काठावर होता, त्या काठावर सापडला; मधे कुठे होता ते विचारायची सोय नाही. दादा घरातून निघाला हे तुम्हाला माहीत असतं, भाजीवालीकडे पोचला हे तिला माहीत असतं, मधला अर्धा दिवस कुठे होता ते आजवर कुणाला कळलंय? फरक इतकाच, की इलेक्ट्रॉन पोचतो तेव्हा जसाच्या तसा पोचतो. दादाकडे मी निरोप दिला होता, ‘वहिनीला विचार, वर्गाची वेळ तासभर पुढे नेता येईल का, माझी मापं हलतात.’ तुमच्यापर्यंत पोचलं ते ‘ती म्हणते, तुमच्या उड्यांनी इमारत पडेल.’ तुम्ही म्हणालात, ‘तिला म्हणावं, एकदा वर येऊन उडी मारून बघ, बरं वाटेल.’ माझ्यापर्यंत पोचलं ते ‘ती म्हणते, तुला उडी मारता येते का?’ दोघींच्या मधे असला रेणू बसवला तर दुसरं काय होणार?

पण तक्रार खोटी नव्हती. माझी खोली तुम्ही पाहिली नाहीत. तिथे मी अनवाणी चालते. पंखा बंद. शिंक आली तर बाहेर पळायचं. टेबल हवेच्या पायांवर तरंगतं (चारांपैकी एका पायातली हवा गळते, तो नवा पाय मागवून मी थकले). आणि अशा ठिकाणी संध्याकाळी पाचला डोक्यावर ढोल-ताशांचं गाणं सुरू होतं आणि सोळा बायका एकदम आकाशातून पडतात! सोळा नाही, पंधरा. टपाल कचेरीतल्या त्या मागच्या रांगेतल्या बाई नेहमी इतरांनंतर पडतात. पडद्यावर मोठा धक्का, आणि जरा थांबून एक छोटा. मला एकेकीची उडी ओळखता येऊ लागली होती. तुमची सगळ्यांत स्वच्छ. पंजावर पडता, टाच नंतर. (हे कौतुक नाही. हे निरीक्षण आहे.) तेव्हा मी एकेका उडीवर खूण केलेला आलेख जोडून साहेबांकडे अर्ज दिला. साहेब म्हणजे आमचे खातेप्रमुख, त्यांना आलेख दिसला की न वाचता सही करायची सवय. सभागृहाला कुलूप लागलं. त्या रविवारी मी जेवायला आले, तुम्ही नेहमीसारखं वाढलंत, नेहमीसारखा आग्रह केलात, आणि माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. मीठ कमी होतं. मीही सांगितलं नाही.

आता तुम्हाला वाटत असेल, पुढे मला पस्तावा झाला. मुळीच नाही. कुलूप लागल्यावर तळघरात अशी शांतता पसरली, की मला माझ्याच घड्याळाचा राग आला. शांततेत माझं काम फार छान चाललं आहे. म्हणजे पायऱ्या येत नाहीत, तो भाग सोडला तर. आधी मला वाटलं तार वाईट, तार बदलली. मग वाटलं द्रावण शिळं, नवं केलं. मग भांडी धुतली, पुन्हा धुतली, धुण्याच्या पाण्यावर संशय घेतला, साबणावर घेतला, साहेबांवर घेतला. रेघ आपली दगडासारखी सरळ खाली, नाहीतर टोकं उघडी ती उघडीच. तुमच्या वर्गाच्या दिवसांत पायऱ्या ढिगाने येत होत्या, पण तो निव्वळ योगायोग. तेव्हा मी त्या तुमच्या त्रासाला न जुमानता मिळवल्या असं समजत होते, आणि तसं अहवालातही लिहिलं होतं, ‘प्रतिकूल परिस्थितीत’.

मधे एकदा मी किल्ली मागून घेतली आणि सभागृहात जाऊन उड्या मारल्या. निव्वळ व्यायाम म्हणून. दुपारी, साडी खोचून, एकटीने, कधी पंजावर, कधी टाचेवर. मारायची, जिना उतरून पडदा बघायचा, पुन्हा वर. रखवालदाराने दारातून पाहिलं आणि काही न विचारता दार हळूच लोटून घेतलं, तेव्हापासून तो माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तसा हळू बोलतो. काही उपयोग झाला नाही. माझ्यात वजन नाही, आणि (तुम्ही म्हणता तसं) ताल तर नाहीच.

येत्या गुरुवारी पाहणी समिती येणार आहे. त्यांच्यासमोर पडद्यावर पायऱ्या दिसल्या तर खोली माझी. नाही दिसल्या तर तिथे मोडक्या खुर्च्या ठेवायचं ठरलं आहे. खुर्च्या आत्ताच बाहेर बोळात येऊन रांगेने उभ्या आहेत, मी दार उघडलं की आत बघतात. साहेब म्हणाले, ‘समिती येण्याआधी आपणहून खोली सोडा, मानाने सुटाल.’ मी म्हटलं, खुर्च्यांना सांगा, बसून घ्या, मी हलणार नाही. हे मी तुम्हाला केवळ माहिती म्हणून कळवते आहे. घरात सगळ्यांना आशीर्वाद आणि नमस्कार ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे वाटून द्यावेत. दादाला खोकल्यासाठी गरम पाणी.

आपली (नात्याने),
नणंद

ता. क. बरं, ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार. घोडं स्क्रूपाशी पेंड खात होतं. तो वर जातो ठीक, पण मागे येताना अडकतो; टोकं पुन्हा भेटत नाहीत, आणि भेटल्याशिवाय नवी फट नाही, रेणू नाही, पायरी नाही. तेल घालता येत नाही, कारण तेल द्रावणात उतरलं तर सोनं नासतं. नवा स्क्रू मंजूर होईपर्यंत मी निवृत्त होईन. टिचकी मारली तर तार पार तुटते; टेबलावर बुक्की मारली तर काच फुटते (फुटली). मात्र छतातून, भिंतीतून, गळक्या पायातून मऊ होत आलेला पंधरा जणींचा धक्का त्याला बरोबर सोडवतो, आणि कुठे कमी पडलं तर टपालवाल्या बाई येतात. म्हणजे इतके महिने माझी टोकं तुम्ही जुळवत होतात, आणि मी तुमच्याच नावाने शंख करत होते.

ता. क. २. कुणी म्हणेल ही हातचलाखी झाली. अजिबात नाही! मी जुनी मापं काढून बघितली. रेणू न घालता नुसतं द्रावण ठेवलं होतं त्या संध्याकाळी तुम्ही जीव तोडून नाचलात, तरी एक पायरी आली नव्हती. तेव्हा रेणू खरा, त्यातून जाणारी वीज खरी. तुम्ही फक्त अडकलेलं सोडवता.

ता. क. ३. तक्रार मी परवाच मागे घेतली. साहेबांनी न वाचता सही केली. सभागृहाची किल्ली माझ्याकडे आहे, या पाकिटात आहे, म्हणून ते दाराखालून सरकताना अडकलं असेल. वर्ग पुन्हा नेहमीच्या वेळी, कायमचा. गुरुवारी तेवढा दुपारी तीनला. गाणं तेच ढोल-ताशांचं, आवाज हवा तेवढा मोठा. टपालवाल्या बाईंना रजा काढायला लावा, आणि कृपा करून त्यांना ताल शिकवू नका.

ता. क. ४. माफी मागायची नाही असं वर लिहिलं आहे, ते तसंच राहू दे. पण अहवाल मी नव्याने लिहिला. ‘प्रतिकूल परिस्थितीत’ खोडलं, आणि साधनांच्या यादीत सोन्याची तार, पट्टी, स्क्रू, द्रावण यांच्याखाली तुमचं नाव आणि तुमचा वर्ग, मागच्या रांगेसकट, घातला. साहेब म्हणाले, ‘हे काढा, समिती हसेल, खोली जाईल.’ मी म्हटलं, हसू दे. गेली तर गेली, खुर्च्या बसू देत आत. ज्यांनी काम केलं त्यांचं नाव मी खोडणार नाही, एकदा त्यांचा वर्ग बंद पाडला तेवढं पुरे झालं.

ता. क. ५. पत्र सरकवून मी दाराबाहेरच्या जिन्यावर बसले आहे. दादाला पाठवू नकोस, तो मधेच कुठेतरी हरवेल. तूच ये गं.