मंद जाळच का

आप्पा, तुमच्यावरचा राग अजून उतरला न्हाय, म्हणून लिहिते. कारखान्यात ऊस फोडणारे हातोडे हंगामाआधी सोलापूरला आपल्या शेडमधी यायचे, झिजून गुळगुळीत झालेले. तुमी गॅसच्या मंद जाळावर त्यांच्या तोंडाला ती जाड कांडी वितळवून थर द्यायचात. कांडीतलं लोखंड वितळायचं, आतले कठीण दाणे मात्र अख्खे राहायचे, चिक्कीत शेंगदाणे राहतात तसे. मी तवा तिसरीत. विचारलं, "आप्पा, जाळ मोठा केला तर लवकर हुईल की. का करत न्हाय?" तुमी हातमोजा न काढताच कानाखाली ओढलीत. "का-बिका विचारायचं न्हाय. बघायचं आन् करायचं."

त्या दिवसापासनं मी कुणालाच का विचारलं न्हाय. चौथीतनं काढलंत, गप बसले. न बघितलेल्या माणसाला देऊन टाकलंत, गप बसले. शेड जावयाच्या हाती दिलीत, तवाबी गपच. तो गेल्यावर मी चालवली, मुकाट्यानं, मंद जाळावर.

आता शेडमधी नात हाय. आयटीआय झालेली, तोंडानं तिसरीतल्या माझ्यावर गेलेली. औंदा कारखान्यानं बजावलंय, थर निघाला तर पुढचं काम दुसऱ्याला. पोरगी म्हणते, "आज्जे, करंटच्या वेल्डिंगनं दोन दिवसांत उरकते. गॅसच का, ते सांग."

"माझा बाप तसंच करायचा."

"हे काय कारण हाय व्हय?" म्हणून खिदळली.

मग तिनं एक हातोडा करंटवर केला, एक गॅसवर. करंटवाला दिसायला लई देखणा. घण बसला आन् थर पापुद्र्यागत उडाला. गॅसवाला हलला न्हाय. घासायला धरला तर ग्राइंडरच्या चाकालाच चरे. पोरीनं तुकडा उचलला, उजेडात फिरवला. "लई तापलं की दाणे लोखंडात विरघळतात, आज्जे. मग सगळंच ठिसूळ."

एवढंच! एवढ्यासाठी माझा कान सुजवलात?

तुमालाबी ठाऊक नसणार, हे आज ध्यानात आलं. त्यानं राग निवत न्हाय, उलट चढतो. 'मला ठाऊक न्हाय, पोरी' म्हणताना तुमची काय जीभ झडणार होती? मग मी का विचारतच राहिले असते, शाळेतनं हलले नसते, आप्पा.

पोरगी माझ्याकडं बघत होती. "तुला हे म्हाईत होतं की काय?"

"व्हय तर," मी म्हणाले. "तुझी परीक्षा बघत होते."

खरं काय ते तिला अजून सांगितलं न्हाय.