आईच्या शिवणाच्या मशीनचा निःपक्षपाती निकाल

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी नको म्हटलेले जिने तू चढत नसशीलच, पण चढत असशील तर निदान मला कळवू नकोस.

आठवतं का, शाळेत मधल्या सुट्टीत आपण एकाच डब्यातून खायचो आणि शेवटच्या घासावरून रोज भांडायचो. एकदा सिस्टरांनी विचारलं, घास कुणाचा? तर दोघींनीही साळसूदपणे एकमेकींकडे बोट दाखवलं. (तो मग चिमण्यांना मिळाला.) आता आईच्या माघारी तिचं घर रिकामं करायला पंधरा दिवस उरलेत. तिचं शिवणाचं मशीन दादाला, तुला आणि मला, तिघांनाही हवंय. मागच्या महिन्यात फोनवर तू मला हट्टी म्हणालीस, आणि मी तुला जे म्हणाले ते कॉन्व्हेंटमध्ये नक्कीच शिकवत नव्हते. म्हणून म्हटलं, निकाल त्रयस्थाने लावावा.

माझी लेक घरी बसून प्रोग्रॅम लिहिते हे तुला ठाऊक आहे. म्हणजे हल्ली ती लिहीत नाही, लिहवून घेते. तिच्या कॉम्प्युटरवर एक कामाची जागा आहे, तिथे तीन-चार एजंट शेजारी शेजारी राबत असतात. (एजंट म्हणजे माणसं नव्हेत, सांगितलेलं काम आपोआप करणारे प्रोग्रॅम, पण माणसांपेक्षा नम्र.) प्रत्येकाला वेगळी खिडकी, कामाची वेगळी प्रत, एकाचं दुसऱ्याला दिसत नाही. काय काढणार ते लाल, काय घालणार ते हिरवं करून दाखवतात आणि हात जोडल्यासारखे थांबतात: हा बदल मान्य आहे का? परवा लेक दाताच्या डॉक्टरकडे गेली. जाताना म्हणाली, "आई, कुणी काही विचारलं तर विचारू दे. तू हात लावू नकोस." मी हात लावला नाही, फक्त तीन नव्या खिडक्या उघडल्या. एकाला दादाची बाजू सांगितली, एकाला तुझी, एकाला माझी, आणि आईच्या सामानातलं कुणाला काय द्यायचं याची यादी करायला लावली. (तुझी मी प्रामाणिकपणे सांगितली. तू दोनदा सुई मोडलीस हे फक्त ओघात आलं.)

दहा मिनिटांत तिघांच्या याद्या तयार, आणि तिघेही मान्यतेसाठी ताटकळत. कुणी अदबीने विचारलं की उत्तर न देणं असभ्य, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं. मी तिघांनाही हो म्हटलं. मग तिन्ही याद्या एकत्र जोडणारा चौथा एजंट पुढे आला: एकच मशीन तीन जणांच्या नावावर आहे, कुणाची ओळ ठेवू? अगं, आपण तीन महिने ज्यावर भांडतोय ते त्याने एका ओळीत विचारलं. शेवटी यादी तयार झाली. मशीन मला आलं. काय करणार, त्रयस्थाचा निकाल.

एकच घोटाळा झाला. मी खिडक्या उघडल्या त्या लेकीच्या चालू कामातच. ते काम होतं डोळ्यांच्या दवाखान्याचं, रोग्यांनी वेळ ठरवायचं पान. दुसऱ्या दिवशी तिने ते डॉक्टरीणबाईंना दाखवलं, तर भेटीचं कारण निवडा याखाली होतं: नवा चष्मा, मोतीबिंदू, आईचं शिवणाचं मशीन. बाईंनी शांतपणे विचारलं म्हणे, ही तपासणी आपल्याकडे कधीपासून होते?

लेक मला रागावली नाही. "मावशीशी सरळ बोलायला काय होतं गं तुला?" म्हणाली, आणि एका मिनिटात सगळं पूर्ववत केलं. झालेलं मागे नेता येतं त्यांच्यात. मी तिला विचारलं, फोनवर बोललेलंही नेता येतं का? ती म्हणाली, तेवढं तुझं तूच कर.

तर तेच आता करतेय. मला माफ कर.

तुझी,
ताई

ता. क. चौथ्याला उत्तर मीच दिलं होतं. 'मोठीची ओळ ठेव' म्हणाले.

आणखी एक. मशीन गेल्याच आठवड्यात माझ्याकडे आलंय. दादाने गाडीत चढवून दिलं. त्याला मी तू कबूल झालीस असं सांगितलं होतं. तेव्हा कृपा करून कबूल हो. आईचं भिंतीवरचं घड्याळ दादाला द्यायचं. कात्री आणि बटणांचा डबा तुला. मशीनच्या खणात आईने तुझ्या मापाचा बेतून ठेवलेला ब्लाउज सापडला, अर्धाच शिवलेला. तोही तुझाच. पण शिवून घ्यायला तुला इथे यावं लागेल.