तिसऱ्या दिवसाच्या पेशी

१४ मार्च

प्रिय ताईस,

सप्रेम नमस्कार. आईचा गुडघा आता बरा आहे. "मोठीचा फोन कसा नाही?" असं रोज विचारते, मी काहीबाही सांगून वेळ मारून नेते. तुझा लेख वाचला. विषाणूला रोखणारं आणि पेशींना धक्का न लावणारं संयुग! अभिनंदन.

जाऊ दे, उगाच गोड बोलतेय. काल प्रयोगशाळेत साहेबांनी औषधाला परवानगी देणाऱ्या समितीचा कागद सहीसाठी माझ्यापुढे ठेवला.

आपली पद्धत तूच मला शिकवलीस. एका ताटलीत पेशी, विषाणू आणि औषध. शेजारच्या ताटलीत विषाणू नाही, नुसतं औषध. दोन्हीकडे पेशी जगल्या तरच औषध खरं. ताटल्या उबपेटीत ठेवायच्या, मोजणी दुसऱ्या दिवशी. आईला दवाखान्यात नेण्याच्या गडबडीत मी एकदा मोजायला विसरले आणि तिसऱ्या दिवशी पाहिलं, तर नुसत्या औषधाच्या ताटलीतल्या पेशी मेलेल्या. उंदीर मारायला घर पेटवावं, तसलं हे औषध.

धावत तुझ्याकडे आले. तू म्हणालीस, "अगं वेडाबाई, उबपेटीतला वायू कमीजास्त झाला असेल. कुणाला बोलू नकोस, मी बघते."

मी बोलले नाही. आणि तू काय बघितलंस? त्या कागदावर लिहिलंस, 'सहायिकेच्या निष्काळजीपणामुळे एक ताटली बिघडली, सबब ती वगळली आहे.' खाली माझ्या सहीसाठी जागा. पुढच्या महिन्यात हे औषध माणसांना द्यायचंय, ताई!

परक्याने केलं असतं तर चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. तू केसाने गळा कापलास. रात्रभर रडले, आणि राग येण्याआधी लाज वाटली, तुझी.

सही मी केली नाही. आणखी एक सांगायचं टाळतेय. त्या दिवसानंतर तोच प्रयोग मी तुझ्या नकळत तीनदा केला, उबपेटी बदलून. तिन्ही वेळा मुद्दाम तिसऱ्या दिवशी पाहिलं. तिन्ही वेळा पेशी मेल्या. ते आकडे आज सकाळी समितीला देऊन आले. आधी तुला सांगायला हवं होतं. पण तू जवळ घेतलं असतंस आणि मी विरघळले असते.

हे पत्र मिळायच्या आत तुला समितीचा फोन येईल. त्यांना खरं सांग. निदान या वेळी माझ्यावर ढकलू नकोस.

तुझ्या पाठची,
धाकटी