तेल आमचं, माणूस न्हाय

प्रिय पूर्णिमाआक्का,
तुझ्या पायाला हात लावून नमस्कार. मी बरा हाय, जेवण वेळेवर मिळतंय. आईला एवढंच सांग, पुढचं वाचून दाखवू नको. इथं मोबाईल लागत न्हाय, म्हणून प्यायचं पाणी घेऊन येणाऱ्या बोटीवाल्याकडं पत्र देतोय.

आमचं जहाज समुद्रातच उभं हाय. टाकीतलं तेल आमचंच म्हणून दोन देश भांडत्यात, त्यामुळं बंदरात शिरता येत न्हाय.

आमचा स्वयंपाकी रामोन फिलिपिन्सचा. मी त्याला पिठलं शिकवलतं. मागल्या आठवड्यात त्याचं पोट लई दुखायला लागलं. कप्तानानं दोन्ही देशांना विनवलं, "एवढ्या माणसाला तरी दवाखान्यात घ्या." दोघंबी म्हणाले, "तेल आमचं हाय, माणूस आमचा न्हाय."

"बंदर कधी?" रामोन माझा हात धरून विचारायचा. मी "उद्या" म्हणायचो. काल सकाळी तो गेला. फ्रीझरमधली भाजी बाहेर काढून त्याला तिथं ठेवलाय.

बोटीवाला म्हणतोय, तिकडं गॅसची टंचाई हाय. आपल्या उचगावात मिळतोय काय, का चूल पेटवताय? आप्पांचा खोकला थांबला काय?

आज दोन्ही देशांचे साहेब जहाजावर आले. तेल मोजलं, सह्या केल्या आणि गेले. रामोनचं नावबी कुणी विचारलं न्हाय.

तुझा धाकटा,
साईराज